उसनी भूक

माझ्या खाण्याबद्दल आमच्या नात्यागोत्यात अजूनही बोलतात. लग्नकार्यात मी पंगतीला बसले की कुणीतरी वाढणाऱ्याला मुद्दाम हाक मारतं, "इकडं आणा, इथं वाढा," आणि दोन-चार बायका पदराआड हसतात. मीही हसते. हसायला काय जातं? पण घास गिळताना आजही कान तापतात. वय झालं की लाज कमी होते असं सांगणाऱ्यांना एकदा माझ्याकडं पाठवून द्या.

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती तेव्हाची ही हकिकत. आम्ही बदनापूरला राहत होतो. हे तिथल्या शेतकी फार्मवर कामाला होते. तुरीच्या ओळींना पाट्या लावायच्या, पाणी बघायचं, मजुरांकडून काम करून घ्यायचं. रेल्वे स्टेशनच्या अंगाला भाड्याच्या दोन खोल्या होत्या. लग्नाला चार वर्षं होत आली तरी मूल नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही असा एकही सण गेला नव्हता.

त्या वर्षी संक्रांतीनंतर माझं डोकं फिरलं. फिरलं असंच म्हणते, नाजूक शब्द वापरून झालेलं बदलत नाही. भिंतीपलीकडून दोन बायका माझ्याबद्दल बोलताना ऐकू यायच्या. भिंतीपलीकडं रेल्वेची पडीक जागा होती, तिथं बाभळीशिवाय काही नव्हतं. पण त्या दोघी दिवसभर बोलायच्या, आणि भाकरीत काहीतरी कालवलंय असं मला बजावायच्या. मी खाणं सोडलं. पाणीसुद्धा स्वतः शेंदलेलं असेल तरच प्यायची.

सासूबाई अंबडकडच्या आमच्या गावाहून आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांनी अंगारा लावला, उतारा टाकला, आणि हातात घास धरून तासन् तास माझ्यासमोर बसल्या. मी तोंड फिरवायची. शेवटी हे मला पॅसेंजरनं औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि ह्यांना बाजूला घेऊन समजावलं की झोप फार येईल, भूक वाढेल, घाबरू नका. हाडांचा सापळा झालेल्या बायकोला भूक लागणार हे ऐकून कुठला नवरा घाबरेल? हे खुशीतच घरी आले.

घरी मात्र त्यांनी सांगितलं, शक्तीच्या गोळ्या आहेत. माझ्या नणंदेची अंबडच्या एका घरी बोलणी चालली होती. भावजयीच्या डोक्यावर परिणाम झालाय एवढं कुणाच्या कानावर गेलं असतं तर सोयरीक तिथंच मोडली असती. मीही गप्प राहिले. गोळ्या भिंतीतल्या देवळीत एका डबीत ठेवल्या. हे महिन्याला एकटेच जाऊन नव्या आणायचे. पेशंट सुधारतोय म्हटल्यावर डॉक्टरही चिठ्ठी लिहून मोकळे व्हायचे.

भिंतीपलीकडच्या बायका हळूहळू गप्प झाल्या. मला झोप लागायला लागली. आणि मग भूक आली.

भूक मला नवीन नव्हती. दुष्काळात परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरीवर आणि मिरचीवर आम्ही दिवस काढले होते. पण ती भूक पोटात लागायची आणि खाल्लं की बसायची. ही वेगळी होती. पोट तुडुंब, धड वाकता येत नाही, आणि तरी डोक्यात ठाम समजूत की आपण अजून जेवलोच नाही. आवाज नव्हता तो, आवाज मला चांगले ओळखू येत होते. ही माझीच समजूत होती, म्हणून तिच्याशी भांडता येत नव्हतं.

आमच्यात सुनेनं शेवटी जेवायचं. आधी हे, मग आत्याबाई, मग उरलेल्यात मी. पहिल्यांदा मी पीठ जास्त मळायला लागले. मग भाजलेली एखादी भाकरी पीठ मळायच्या काटवटीखाली सरकवायला लागले. दुपारी आत्याबाई आडव्या झाल्या की ती काढून कोरडीच खायची, भिंतीकडं तोंड करून. गूळ संपायला लागला. शेंगदाणे संपायला लागले. एकदा काहीच हाताला लागलं नाही तर मी डब्यातलं पीठ मूठभर तोंडात टाकलं. ते टाळूला चिकटलं, ठसका लागला, आणि आत्याबाई जाग्या झाल्या. माझे ओठ पांढरे झालेले त्यांनी बघितले. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"दुष्काळात सुदिक आपल्या घरात कुणी असं चोरून खाल्लं न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या आणि कूस बदलून पडल्या.

त्याच महिन्यात शेजारी सत्यनारायण होता. प्रसादाचा शिरा मी तीनदा मागून घेतला. चौथ्यांदा मागायची हिंमत झाली नाही. शेजारणीचं लहान पोर पानावर निम्मा शिरा टाकून खेळायला पळालं होतं. मी इकडंतिकडं बघितलं, पान पुढं ओढलं आणि ते उष्टं खाल्लं. पान चाटलं म्हणावं इतकं साफ केलं. मान वर केली तर चार बायका माझ्याकडं बघत होत्या. त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, मला कुठंतरी सोडून या, मी माणसात राहायच्या लायकीची उरले नाही. हे म्हणाले, डोकं शांत झालंय ना, मग खा की काय खायचंय ते. बिचाऱ्यांना त्यात वाईट काही दिसतच नव्हतं.

आमच्या घरात तेव्हा बायका महिन्याचे चार दिवस बाजूला बसायच्या. चुलीला शिवायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही. त्यामुळं कुणाचं काय ते अख्ख्या घराला, आणि भिंत एक असेल तर शेजाऱ्यांनाही, माहीत असायचं. माझी बाजूला बसायची वेळ आली आणि गेली. पुढच्या महिन्यातलीही गेली. एक दिवस आत्याबाईंनी माझ्याकडं पायापासून वरपर्यंत बघितलं. चोरून खाणं, भरलेलं अंग, दिवसभराची झोप, सगळं त्यांनी मनातल्या मनात जुळवलं असणार. त्या उठून माझ्याजवळ आल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"अगं, मंग आधी सांगायचं न्हाई का? मी मेली तुला बोलून राह्यले."

मी नाही म्हणाले नाही. खरं होतं की खोटं ते मलाही ठाऊक नव्हतं, पण खरं निघावं म्हणून मी सगळे देव आठवले. मूल तर हवंच होतं. त्याहूनही जास्त मला त्या भुकेला एखादं चारचौघांत सांगता येईल असं कारण हवं होतं. ते आता मिळालं होतं, आणि तेही असलं की त्यापुढं सगळ्यांनी मान तुकवावी.

त्या दिवसापासून घर बदललं. आत्याबाई मला सगळ्यांच्या आधी जेवायला बसवायला लागल्या. गरम धपाटे, वर लोण्याचा गोळा. दूध प्यायला नको म्हटलं की रागवायच्या. शेजारणी विचारायला यायच्या, काय खावंसं वाटतंय, आणि जे सांगीन ते झाकून आणून द्यायच्या. पानावरचं उष्टं खाल्लेलं त्यांनी माफ करून टाकलं, दोन जिवांची आहे म्हणाल्या. आत्याबाई जांबला जाऊन रामाच्या देवळात नारळ फोडून आल्या. मी खात गेले. पोट दिसायला लागलं. पोटात काहीतरी हलायचंही. आज कळतं की इतकं खाल्ल्यावर कुणाच्याही पोटात काहीतरी हललंच असतं. मग एक दिवस अंगावर दूध उतरलं. चोळी ओली झालेली बघून आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्या मनात जी थोडीफार शंका होती तीही गेली.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. माझी माय एसटीनं दोन गाड्या बदलून आली. ती दुसऱ्यांच्या रानात मोलमजुरी करायची. डोक्यावर पाटी, पाटीत सांजोऱ्या, करंज्या, शेंगांच्या पोळ्या, आणि तिनं कुठून आणलं देवाला माहीत, हिरवं लुगडं. मला फुलांचे दागिने घातले, पाटावर बसवलं. बायकांनी गाणी म्हटली. शेवटी माझ्यासमोर दोन वाट्या पालथ्या ठेवल्या. एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. जी उचलीन तिच्यावरून मुलगा की मुलगी ते ठरायचं.

मी एक वाटी उचलली. बर्फी निघाली. लक्ष्मी येणार म्हणून बायकांनी गलका केला आणि मी बर्फी तोंडात टाकली. इथपर्यंत ठीक होतं. पण दुसऱ्या वाटीखाली पेढा आहे हे मला माहीत होतं, आणि ते माहीत असताना हात जागेवर राहीना. माझं मलाच कळायच्या आत मी दुसरी वाटी उचलून पेढाही खाल्ला.  मग एक म्हातारी म्हणाली, "जुळी हाईत वाटतं," आणि सगळ्या पोट धरधरून हसल्या. सगळ्यांत जास्त आत्याबाई हसल्या. मीही हसले, तोंडात पेढा तसाच होता.

माय तेवढी हसली नाही. ती माझ्या हाताकडं बघत होती. निघताना तिनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, तुला बरं हाय ना बाळे, पहिल्यासारखं काही होत न्हाई ना? मला तिचा इतका राग आला की मी तिला वाकून नमस्कारही केला नाही. ती ह्यांच्याजवळ गेली आणि हात जोडून म्हणाली, येकदा डॉक्टरला दाखवा.

आम्ही पुन्हा पॅसेंजरनं गेलो. डॉक्टरांनी मला बघितलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. दुसऱ्या इमारतीत बायकांच्या डॉक्टरीणबाई होत्या, त्यांच्याकडं पाठवलं. त्यांनी पोट चाचपलं, नळी लावून बराच वेळ ऐकलं, आतून तपासलं. मग हात धुता धुता म्हणाल्या की पिशवीत काही नाही, आणि कधी नव्हतंही. त्यांचा आवाज कोरडा नव्हता. पण अशी गोष्ट कितीही मऊ आवाजात सांगितली तरी ऐकणारीला ती तशीच ऐकू येते.

पहिल्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. भूक पोटात लागते असं आपण म्हणतो, पण ती ठरते मेंदूत. मेंदूच्या बुडाशी एक लहानशी जागा आहे, तिथून हुकूम सुटतो, खा किंवा आता पुरे. हे हुकूम मेंदूतली रसायनं पोचवतात. त्यांतलंच एक रसायन माझ्यात वाजवीपेक्षा जास्त जोर करत होतं, म्हणून रिकाम्या जागेतल्या बायका बोलत होत्या. गोळी त्याला अडवते. पण औषधाला एवढं नेमकं जाता येत नाही. अंगावरचं दूध थोपवून धरायचं कामही त्याच रसायनाचं, म्हणून दूध उतरलं आणि पाळी थांबली. आणि 'पुरे' हा हुकूमही मधेच कुठंतरी अडतो. तो नेमका कसा, ते अजून आम्हालाही पुरतं कळलेलं नाही, असं त्यांनी कबूल केलं. मग ह्यांच्याकडं बघून म्हणाले, भूक वाढेल म्हणून मी सांगितलं होतं ना? ह्यांनी मान खाली घातली.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, मला ते समजलं. समजून उपयोग काय? उष्टं पान ओढणारा हात माझा होता, त्यावर मेंदूचं नाव लिहिलेलं नव्हतं. ह्यांनी विचारलं, गोळ्या बंद केल्या तर? डॉक्टर म्हणाले, पुढं हळूहळू कमी करू, इतक्यात बंद नाही. गोळी चालू आहे तोवर मूल राहणं अवघड, तेही त्यांनी लपवलं नाही.

परतताना स्टेशनवर ह्यांनी सवयीनं शेंगदाण्याचा पुडा घेतला आणि माझ्यापुढं धरला. धरल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि ते हात मागं घ्यायला लागले. मी तो पुडा त्यांच्या हातातून घेतला. ज्या दिवशी माझं न झालेलं मूल गेलं, त्या दिवशी मी गाडीच्या खिडकीशी बसून रडत रडत पुडा संपवला, आणि कागदाच्या घडीत अडकलेले दोन दाणेही बोटानं काढून खाल्ले. आयुष्यात इतकी लाज मला दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

घरी ह्यांनी आत्याबाईंना सगळं सांगितलं, गोळ्या कशाच्या तेही. त्या ऐकत राहिल्या. मग विचारलं, गोळ्या बंद केल्या तर लेकरू होईल का? हे म्हणाले, होऊ शकतं.  शेजारणी आल्या तेव्हा त्यांनीच दारात उभं राहून सांगितलं की पोट पडलं, पोरीला आता त्रास देऊ नका. माझ्यासाठी त्या खोटं बोलल्या. पण जेवताना मी दुसरी भाकरी मागितली तेव्हा त्यांचा हात टोपलीवर थांबला.

"आता कुणासाठी?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात. त्यांना खरंच कळत नव्हतं. मी ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवसापासून मी गोळी गालात धरायला लागले आणि ह्यांची पाठ वळली की चुलीच्या राखेत थुंकायला लागले. काही दिवसांनी भूक ओसरली. काय सुख होतं ते! ताटात अर्धी भाकरी ठेवून उठताना मला एखाद्या खानदानी घरची सून असल्यासारखं वाटायचं. पोट उतरलं. दूध थांबलं. रात्री झोप येईनाशी झाली तरी मी कुणाला सांगितलं नाही. मग एक दिवस दुपारी भांडी घासताना भिंतीपलीकडं कुणीतरी खाकरलं. अजून शब्द नव्हते, नुसती कुजबूज होती. तीही मी कुणाला सांगितली नाही. पुन्हा हावरी व्हायचं नव्हतं मला, वेडी झाले तरी चालेल असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्यानंतर दोन-चार दिवसांतच, दुपारी आम्ही दोघी जेवायला बसलो होतो. मी भाकरीचा तुकडा मोडला, हुंगला आणि खाली ठेवला. आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. मी भिंतीकडं कान देऊन बसलेय हे मला कळलं नाही, त्यांना कळलं. त्यांनी माझ्या ताटातली भाकरी बघितली, मग भिंत बघितली. उष्ट्या हातानंच उठल्या, हात धुतला, देवळीतली डबी काढली आणि पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यापुढं येऊन बसल्या.

"घे. आन् गिळल्यावर तोंड उघडून दाव."

मी मान हलवली. म्हटलं, आत्याबाई, ही घेतली तर लेकरू होणार नाही. ही घेतली तर मी पुन्हा तशी होईन.

"न्हाई झालं लेकरू तर न्हाई झालं," त्या म्हणाल्या.  "तू खाऊन राह्यलीस तवर आमच्यात राह्यलीस. खाणं सोडलंस की तू तिकडं जातीस. मी बघितलंय तुला तिकडं गेलेली."

मी गोळी गिळली. तोंड उघडून दाखवलं, लहान पोरासारखं.

भूक लगेच आली नाही, पण आली. तीच, तसलीच. पोट भरलेलं आणि डोकं उपाशी. एक दिवस दुपारी ताटातलं सगळं संपलं, आणि मी मान वर न करता बसून राहिले. मागायचं तोंड होईना. आत्याबाई चुलीपुढं होत्या. शेवटी मीच खालच्या मानेनं म्हटलं, आत्याबाई, अजून एक द्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उचलून माझ्या ताटात टाकली, आणि न विचारता डब्यातून पुढच्या भाकरीचं पीठ काटवटीत घेतलं.